सोलापूरहून अलिबाग: आधी पंचांग उघडा, मग खोली ठरवा

अलिबागला दोन रात्रींसाठी भारीतली खोली घ्यायची, आणि दुपारी ऐन हौसेच्या वेळी समुद्र लांब मागे गेलेला, समोर नुसती ओली, कठीण, काळपट वाळू. किंवा ओहोटीत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला चालत जायचं मनात होतं, तर पाणी उतरणार पहाटे पाचला आणि संध्याकाळी अंधार पडताना. सोलापूरहून जाणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची अशी निराशा होते आणि तिचा दोष रिसॉर्टला देता येत नाही. तारीख निवडताना शनिवार-रविवार पाहिलेला असतो, तिथी पाहिलेली नसते.

समुद्राचं वेळापत्रक चंद्रावर चालतं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सगळं सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं आणि आपल्याकडे घराघरांत असतं, त्यामुळे हे गणित आपल्याला अवघड जायचं कारण नाही.

तिथीवरून भरती कशी काढायची

कोकणपट्टीत चालत आलेला ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. उत्तर येतं ती भरतीची वेळ, तासांत. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, आकडा प्रतिपदेपासून एक, दोन असाच धरायचा. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा. त्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

चतुर्थीचं उदाहरण घ्या. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. भरती दुपारी तीनच्या आसपास, तशीच पहाटे तीनच्या आसपास. ओहोटी सकाळी सव्वानऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी सव्वाबाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाचला.

हा ठोकताळा आहे, त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. पौर्णिमा-अमावास्येला प्रत्यक्ष भरती बहुतेक वेळा बारा वाजायच्या सुमारास येते. म्हणून तिथीवर फक्त तारीख ठरवा. किल्ल्यावर जायची नेमकी वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का तेही बघा.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती चढतं-उतरतं याला आहे. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. या भागात तेव्हा भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जाऊ शकतो. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीला दुपारी सव्वाबाराची ओहोटी कागदावर सोयीची दिसते, पण किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतंच. लोक इथेच फसतात.

दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की उत्तर मिळतं: तृतीया, चतुर्थी, पंचमी. उधाणाचा जोर अजून असतो म्हणून पाणी पुरेसं हटतं, ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते, आणि दुपारी-संध्याकाळी समुद्र भरून किनाऱ्याला लागतो. म्हणजे सकाळी किल्ला आणि तिसऱ्या प्रहरी पाण्यात खेळणं, दोन्ही एकाच दिवशी. तृतीयेला पोचून पंचमी किंवा षष्ठीला परतणं हा सर्वांत चांगला बेत. महिन्यातून दोनदा ही संधी येते, त्यातली आठवड्याच्या मधली धरली तर खोलीही स्वस्त पडते. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत सगळी मुंबई आणि अर्धं पुणं तिथे असतं. मंगळवार ते गुरुवार तेच रिसॉर्ट निवांत असतं.

महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा सोलापूर सोडून कोण जाणार. यात्रा आटोपल्यावर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याला नेमका बसतो. फक्त २६ जानेवारीची जोडून सुट्टी टाळा.

मे महिन्यात ‘आपल्याकडे बेचाळीस, तिकडे तेहतीस’ असा हिशेब करून जाऊ नका. सोलापूरची हवा कोरडी, घाम लगेच सुकतो आणि अंग थंड होतं. समुद्राकाठी हवेतच इतकी वाफ असते की घाम सुकत नाही, म्हणून तेहतीसमध्येही जीव घुसमटतो. वयस्कर माणसांना आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. जावंच लागलं तर अकरा ते चार बाहेर पडू नका.

पावसाळ्यात अलिबाग हिरवंगार आणि स्वस्त असतं, पण तेव्हा मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या प्रवासी बोटी बंद असतात, पाण्यातले खेळ बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. ताटातली सुरमई तेव्हा बहुधा बर्फातली असते. ज्यांना फक्त खोलीत बसून पाऊस पाहायचा आहे त्यांनी जरूर जावं.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर मुंबईत शिरू नका. सोलापूर, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, हडपसर, पुण्याबाहेरून द्रुतगती महामार्ग, खोपोलीला खाली उतरून पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. साधारण चारशे किलोमीटर. थांबे धरून आठ-नऊ तास. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे आणि मुलांना तिची मजा वाटते. पण सोलापूरहून तिच्यासाठी मुंबई गाठणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जास्त.

पहाटे चारला निघा. त्या वेळी निघालं तर आठच्या आत हडपसर मागे पडतं. सहाला निघालेली गाडी तिथल्या कामावर जायच्या गर्दीत एक तास घालवते. पुण्याच्या पोटातून न जाता मंतरवाडी, उंड्रीमार्गे कात्रज गाठून बाह्यवळण धरता येतं. हा रस्तासुद्धा सकाळी नऊनंतर भरतो. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्री भरा. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे नाके पुण्याच्या अलीकडेच संपतात, पुढे द्रुतगतीचा टोल वेगळा. वडखळच्या पुढचा रस्ता शनिवारी सकाळी अलिबागकडे आणि रविवारी संध्याकाळी उलट दिशेला तुंबतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांचा आग्रह धरायला हे आणखी एक कारण.

गाडी नसेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेससारखी सोय नाही. रात्री सोलापूरला बसायचं, सकाळी मुंबई. सीएसएमटीहून गेटवे ऑफ इंडिया टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. तिथून मांडव्याची बोट सुमारे एक तास घेते. पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्यांच्या बोटी आहेत; तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं. ते तिकीट फेकू नका, बसमध्ये चढताना तेच दाखवावं लागतं. मांडव्याहून अलिबाग पाऊण तास. गाडी वेळेवर असेल तर दहाच्या सुमारास तुम्ही अलिबागच्या स्थानकात असता.

बोट लागण्याचा त्रास आपल्याकडच्या लोकांना जास्त होतो, कारण सवय नसते. रिकाम्या पोटी चढू नका आणि तेलकट वडे खाऊनही चढू नका. दोन इडल्या किंवा कोरडी बिस्किटं पुरे. खालच्या मजल्यावर मधोमध बसा, तिथे बोट सर्वांत कमी हलते. मोबाइलमध्ये बघू नका, लांब क्षितिजाकडे नजर ठेवा. प्रवासात उलटी होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी वारा सुटला की बोट उसळते.

खोली की बंगला

चौघांपर्यंतचं कुटुंब असेल तर रिसॉर्ट, आठ-दहा जण असतील तर पोहण्याच्या तलावाचा बंगला. मधल्या संख्येला दोन्हीकडचे भाव मागवून पाहा.

रिसॉर्टच्या दरपत्रकात सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. ईपी असेल तर नुसती खोली. अलिबागला सीपी घ्यावं हे आमचं ठाम मत आहे. बाहेर इतकं ताजं मासळीचं जेवण मिळत असताना दोन्ही वेळा रिसॉर्टच्या बुफेत पनीर खाण्यात अर्थ नाही. सोबत फार लहान मुलं किंवा चालायला त्रास असलेले वडीलधारे असतील तर मात्र एमएपी बरं.

करात एक पायरी आहे, ती नीट पाहा. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, दर त्याच्या वर गेला तर १८ टक्के. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात शंभराचा फरक, खिशातून जातात १,०९३ जास्त. त्यामुळे दर या सीमेच्या किंचित वर असेल तर थेट रिसॉर्टला फोन करून घासाघीस करा. आठवड्याच्या मधल्या दिवसांना ते ऐकतात. आणि खोलीचा दर करासह सांगताय की कराशिवाय, हे प्रत्येक वेळी विचारा. जेवणाच्या बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नसतं, काढायला सांगता येतं.

बंगले आवास, किहीम, सासवणे, थळ, झिराड, नागाव या बाजूंना पसरलेले आहेत. त्यातले बरेच समुद्रावर नसून वाडीत आत असतात. जाहिरातीत ‘समुद्राजवळ’ लिहिलेलं असेल तर नकाशावरचं नेमकं ठिकाण मागवा आणि पायी किती मिनिटं ते स्वतः मोजा. पैसे भरण्याआधी एवढं तरी लेखी घ्या: वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, तलाव फक्त तुमचाच की शेजारच्या बंगल्याशी सामाईक, तलाव किती फूट खोल, रात्री तो किती वाजता बंद, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे पैसे दरात आहेत का, ठरल्यापेक्षा एक माणूस वाढला तर किती, अनामत कधी परत मिळणार. लहान मूल सोबत असेल तर तलावाला कठडा किंवा जाळी आहे का हा प्रश्न सगळ्यांत आधी. शाकाहारी कुटुंबांनी भांडी वेगळी मिळतील का ते आधीच स्पष्ट विचारावं. तिथे पोचून विचारलं तर ‘धुऊन देतो’ एवढंच उत्तर मिळतं.

पोचल्याबरोबर सगळ्या खोल्यांचं, टीव्ही-फ्रिजचं, काचांचं मोबाइलवर चित्रीकरण करून मालकाला पाठवा. आधीच तडा गेलेल्या काचेचे पैसे अनामतीतून कापले जाण्याचे वाद एवढ्याने मिटतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानेच बंदी आहे.

खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते. सिद्धेश्वरने दहाला पोचणाऱ्यांनी सामान स्वागतकक्षात ठेवायचं, एका छोट्या पिशवीत कपड्यांचा एक जोड बाहेर काढून ठेवायचा आणि फिरायला निघायचं. सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा, एकाच्या नावावर खोली असली तरी सर्वांची मागतात.

तलावात सुती कपडे घालून उतरू देत नाहीत. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात, म्हणून हा नियम आहे, वाद घालण्यात अर्थ नाही. नायलॉन किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे घरूनच न्या. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, पायघोळ प्रकारही मिळतात. रिसॉर्टचे टॉवेल वाळूवर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, डाग पडला तर पैसे लावतात. आपले सोलापुरी टॉवेल न्या की. ते पाणी चांगलं टिपतात, आणि अंथरायला एक जुनी चादर पुरते.

कुलाबा किल्ला: घड्याळ लावून

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. शेजारचा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट.

ओहोटी सव्वानऊला आहे असं धरा. सव्वाआठला किनाऱ्यावरून निघा, म्हणजे उतरत्या पाण्यातून जाल. अर्ध्या तासात दार. पाऊण तास आत. साडेनऊला परतीचं पाऊल पडलंच पाहिजे. कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत ते बारा भाग चढतं असं धरलं तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. फरक चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर, दुसऱ्यात दोन फुटांहून जास्त आणि तिसऱ्यात एक मीटर. ‘आत्ता तर घोट्याएवढंच होतं’ असं म्हणणारा माणूस तासाभरात कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभा असतो.

पायात मागून पट्टा असलेल्या सँडल हव्यात. स्लिपर चिखलात अडकून राहते आणि अनवाणी पायाला कालवांची कवचं कापतात. मोबाइल बंद पिशवीत. चालवत नसेल त्यांच्यासाठी घोडागाडी असते, भाडं जाऊन-येऊन ठरवा आणि परतीची वेळ गाडीवाल्याकडून ठरवून घ्या. किल्ल्याचं दार आणि तिकीटखिडकी किती वाजता उघडते हेही आदल्या संध्याकाळी त्यांनाच विचारा. ओहोटी फार लवकर असेल तर यावरच बेत अवलंबून असतो. भरतीत बोटीनेही नेतात, समुद्र शांत असेल तेव्हा.

पाण्यात उतरताना

ज्याला विहिरीत किंवा तरणतलावात पोहता येतं त्याने समुद्रातही येतं असं धरू नये. धोका लाटेचा कमी आणि परतीच्या ओढीचा जास्त. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठेतरी एका अरुंद पट्ट्यातून परत आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि जरा गढूळ दिसतं, म्हणून लोक मुद्दाम तिथेच उतरतात. तिथे उतरू नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग वळा. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगा आणि हात वर करून हाक द्या.

उतरायची वेळ भरती चढत असतानाची, पाणी गुडघ्यापासून फार तर कमरेपर्यंत. ओहोटी लागली की बाहेर. मुलं हाताच्या अंतरावर. दारू पिऊन पाण्यात कोणीही नाही, यात सूट नाही. नागाव आणि काशीदला पाण्यातले खेळ असतात; जॅकेटच्या सगळ्या चापा लावल्याशिवाय बसू नका, सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं.

गाडी वाळूवर नेऊ नका. वरून कठीण दिसणारी ओली वाळू चाकाखाली पाणी सोडून मऊ होते, चाक फिरवलं की आणखी रुतते, आणि भरती वाट बघत नाही.

खाणं

मासळीच्या खाणावळीत शिरल्यावर ‘आज ताजं काय आलंय’ विचारा आणि तेच घ्या. सुरमई, पापलेट सगळीकडे मिळतं. इथली खासियत म्हणजे पेण-अलिबागच्या खाडीपट्ट्यातला जिताडा. मिळाला तर सोडू नका. ताट सांगण्याआधी तुकड्यांचा दर विचारा, कारण मोठ्या माशाचा भाव रोज बदलतो. आपल्या काळ्या मसाल्याच्या सवयीला हे जेवण नारळामुळे सौम्य वाटेल. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी सोबत असली की प्रश्न सुटतो, विशेषतः बोटीच्या दिवशी. डिसेंबर ते फेब्रुवारीत पोपटी मिळते: वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत भरून मडकं उपडं करून जाळात भाजतात. शाकाहारी पोपटीही करून देतात. सांगावं लागतं आदल्या दिवशी.

उन्हाची वेळ सासवण्याच्या करमरकर शिल्पालयासाठी ठेवा. पुण्यातला १९२८ चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे शिल्पकार विनायकराव करमरकर यांचं हे घर. शिल्पं अगदी जवळून बघता येतात.

परतताना

बोटीने आलेल्यांनी वंदे भारतचं परतीचं तिकीट काढावं. दुपारी चारच्या सुमारास मुंबईहून सुटून रात्री अकराच्या आत सोलापूर. अकराला खोली सोडावी लागतेच. तेव्हाच अलिबाग सोडा, म्हणजे बोट अर्धा-पाऊण तास उशिरा मिळाली तरी गाडी चुकत नाही. आठवड्यातून एक दिवस ही गाडी नसते, तिकीट काढताना वार पाहून घ्या. स्वतःच्या गाडीने आलेल्यांनी घरी पोचल्यावर गाडीला खालून गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्यावा, मीठ पत्र्याला खातं.

खरेदीत पांढरा कांदा. कांद्याच्या बाजारपेठेच्या गावच्या माणसाने कांदा विकत आणावा हे घरी विचित्र वाटेल, पण चाखल्यावर वाटणार नाही. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे या गावांच्या बाजूला भातानंतर घेतात, चवीला गोडसर, २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. फेब्रुवारीच्या पुढे वेणीसारख्या विणलेल्या माळांत विकायला येतो. माळ उचलून पाहा: माना कोरड्या आणि करकरीत हव्यात. मान ओलसर लागली तर तो कांदा सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकणार नाही, आतून सडतो. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढून हवेशीर जागी टांगा. सुकट, बोंबील घेतलेच तर दोन पिशव्यांत गुंडाळून वर झाकणाच्या डब्यात घाला. वातानुकूलित डब्यात साडेसहा तास तो वास सगळ्यांना सोसावा लागतो.